पिवळ्या विमानाचा रंग

विमान उडवावें असें ज्यास वाटत नाहीं असा विद्यार्थी अद्याप आमच्या पाहण्यांत आलेला नाहीं; परंतु विमान रंगवावें असें आपण होऊन म्हणणारे फार थोडे. बहुतेकांच्या मतें रंग म्हणजे दारावरचें तोरण. असलें तर शोभा, नसलें तर कांहीं अडत नाहीं. गेलीं कांहीं वर्षें शाळेंतील हौशी मुलांबरोबर फोमचीं लहान विमानें तयार करण्याचें काम आम्ही करीत आहों. त्या अनुभवावरून आम्हांस असें वाटूं लागलें आहे कीं, विमान नीट उडेल कीं नाहीं हें पुष्कळदां रंगाच्या वाटींतच ठरून जातें.

पूर्वीं विमानांच्या प्रतिकृति बाल्सा नांवाच्या हलक्या लांकडाच्या काड्यांच्या करीत, त्यांवर पातळ कागद अथवा रेशीम ताणून बसवीत, आणि वरून 'डोप' नांवाचें उग्र वासाचें द्रव्य लावीत. डोप वाळतांना आकसे व कागद ढोलकीच्या कातड्यासारखा ताठ होई. खरीं विमानेंहि त्या काळीं कापडानें मढविलेलीं असत व त्यांसहि असाच लेप देत. आतां विद्यार्थ्याच्या हातीं बहुधा फोमचें विमान येतें. तें हलकें असतें, स्वस्त असतें, आणि पडून मोडलें तर चिकटवून पुन्हां उभें करितां येतें. मात्र फोम हा एकच पदार्थ नव्हे. ज्यास आपण थर्मोकोल म्हणतों तो फुगविलेला पॉलिस्टायरीन. गुळगुळीत पातळ तक्त्यांच्या रूपानें मिळणारा डेप्रॉन त्याचाच भाऊबंद. सांच्यांत घडवून पेटींतून येणारीं विमानें बहुतकरून ईपीओचीं असतात व त्यांतहि पॉलिस्टायरीनचा अंश असतो. ईपीपी म्हणून आणखी एक प्रकार आहे. तो वांकविला तरी मोडत नाहीं.

थर्मोकोलमध्यें शंभरांतील सुमारें ९८ भाग हवाच असते. त्यावर ॲसिटोनचा किंवा रंगाच्या दुकानांतील साध्या थिनरचा थेंब पडला कीं, पाणी पडलेल्या साखरेसारखा तो बसत जातो. ईपीओ इतक्या लवकर हार जात नाहीं, पण त्याचाहि पृष्ठभाग खराब होतो. ईपीपी थिनरला दाद देत नाहीं; दुर्दैवानें तो रंगालाहि फारशी दाद देत नाहीं. तो वांकला कीं वरच्या रंगास भेगा पडतात.

दोन वर्षांपूर्वीं आमच्या एका विद्यार्थ्यास एका दुकानदारानें 'कशावरहि चालतो' अशी हमी देऊन फवाऱ्याच्या डब्यांतील लाल रंग दिला. मुलानें सुटींत महिनाभर खपून केलेल्या थर्मोकोलच्या पंखावर तो मारला. पांच मिनिटांत पंखाला देवीच्या वणांसारखे खड्डे पडले. डब्यांतील रंगांतहि द्रावक होता आणि तो बाहेर फेंकणारा वायुहि फोमला मानवणारा नव्हता. मुलगा रडला नाहीं. तो पंख त्यानें वर्गांत आणून आमच्या टेबलावर ठेविला व कांहीं न बोलतां जागेवर जाऊन बसला. रंगाच्या प्रश्नाकडे आम्हीं गंभीरपणें पाहण्यास सुरुवात केली ती त्या दिवसापासून.

गतवर्षीं स्नेहसंमेलनासाठीं मुलांनीं 'टायगर मॉथ' या विमानाची प्रतिकृति करावयाचें ठरविलें. हें दुपंखी विमान डी हॅविलंड कंपनीचें. त्याचें पहिलें उड्डाण २६ ऑक्टोबर १९३१ रोजीं झालें. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत ब्रिटनमध्यें व इतर अनेक देशांत नवशिक्या वैमानिकांस त्याच्यावरच शिकवीत, आणि आपल्या हिंदी हवाई दलांतहि तें होतें. खऱ्या विमानाच्या पंखांची लांबी ८.९४ मीटर; आठपट लहान केल्यावर ती सुमारें ११२ सेंटिमीटर भरली. शिकाऊ विमान दुरून ओळखूं यावें व इतरांनीं त्यापासून जपून राहावें म्हणून त्या काळीं अशा विमानांस पिवळा रंग देण्याची चाल होती. मुलांनीं तोच पसंत केला. पिवळा हा रंग तसा मोठा अवघड. तो अंगचाच पारदर्शक असल्यामुळें काळसर पृष्ठावर दिल्यास कितीहि हात दिले तरी मळकट दिसतो. आमचा फोम पांढराशुभ्र होता, म्हणून निम्मी लढाई आधींच जिंकली गेली.

रंग कोणता घ्यावा याविषयीं आमच्यांत पुष्कळ वादविवाद झाला. पोस्टर कलर चित्रकलेच्या तासाला चांगले, पण त्यांतील डिंकासारखें बंधन पाण्यानें पुन्हां सुटतें; सकाळच्या दंवांत विमान गवतावर उतरलें कीं रंग हाताला येऊं लागतो. तैलरंगास टर्पेंटाइन अथवा थिनर लागणार, म्हणून तो बाद. भिंतीचा ॲक्रिलिक इमल्शन सर्वांत स्वस्त व फोमला निरुपद्रवी. मोठ्या विमानास आम्ही तो अजूनहि वापरतों, परंतु त्यांतील कण जाड असल्यानें बारीक नॉझल वरचेवर बुजतें. शेवटीं पाण्यांत मिसळणारा चित्रकाराचा ॲक्रिलिक रंग आम्हीं घेतला. वाळल्यावर तो पाण्यानें सुटत नाहीं आणि फोमबरोबर थोडा वांकतोहि.

आतां रंग पातळ करण्याविषयीं. एअरब्रशमध्यें हवेचा झोत नॉझलच्या तोंडावरून वेगानें जातो, तेथला दाब कमी होतो, आणि त्यामुळें रंग ओढला जाऊन त्याचें धुकें होतें. रंग दाट असेल तर धुकें न होतां थुंकी पडते; फार पातळ असेल तर पृष्ठावर कोळ्याच्या पायांसारखे फांटे पसरतात. (अशा प्रकारच्या यंत्राचें एक पेटंट फ्रान्सिस स्टॅन्ली या अमेरिकन गृहस्थानें १८७६ सालीं घेतलें होतें, हाच पुढें वाफेच्या मोटारींमुळें प्रसिद्धीस आला.) पुस्तकांतून 'दुधाइतका पातळ' असें माप दिलेलें असतें. तें वाचून आमच्या एका विद्यार्थ्यानें विचारलें, "सर, कोणतें दूध? म्हशीचें कीं पिशवींतलें?" आम्हांस उत्तर सुचेना. हा मुलगा गाड्यांना रंग मारणाऱ्या एका कारागिराचा. त्यानें काडी रंगांत बुडवून वर धरिली व म्हणाला, "बाबा असें बघतात. आधीं धार पडली पाहिजे, मग थेंब. नुसतेच थेंब पडले तर दाट, आणि धार तुटतच नसेल तर पाणी जास्त." वाटीच्या आंतल्या बाजूस रंगाचा फटकारा मारून तो खालीं कसा उतरतो हेंहि आम्ही पाहूं लागलों, पातळसा पडदा मागें ठेवून तो सहज उतरला म्हणजे जमलें. तेव्हांपासून आमच्याकडे दुधाचें नांव कोणी काढीत नाहीं.

नळींतल्या दाट रंगास आम्ही साधारणपणें समभाग पातळ द्रव घालतों, पण तो सगळाच पाणी नसतो. नुसत्या पाण्यानें रंगाचें बंधन विरळ होतें. वाळल्यावर बोट फिरवितांच भुकटी निघते. म्हणून अर्धें पाणी व अर्धें रंगहीन ॲक्रिलिक मीडियम घेतों. फोमवर पाणी गोळा होऊन बसतें. त्यावर उपाय म्हणून प्रवाह वाढविणाऱ्या औषधाचे दोन थेंब पुरतात. कोणी भांडीं घासण्याचा साबण घालतात. तो जास्त झाला तर रंग धरत नाहीं. आयसोप्रोपिल अल्कोहोल फोमला खात नाहीं व त्यानें रंग लवकर वाळतो, परंतु कांहीं ॲक्रिलिक रंग त्यानें नासक्या दुधासारखे फाटतात. तेव्हां आधीं चमचाभर रंगावर प्रयोग करून पाहावा. शिवाय उन्हाळ्यांत अल्कोहोल घातलेला रंग नॉझलच्या टोंकावरच वाळून बसतो. पावसाळ्यांत याच्या उलट अडचण: कॉम्प्रेसरच्या नळींत हवेंतील दमटपणाचें पाणी सांचतें आणि मधूनच रंगाबरोबर तुषार उडतात. पाणी अडविणारी लहान बाटली नळीला जोडली नसेल तर आषाढांत रंगाचें काम काढूंच नये. पातळ केलेला रंग जुन्या मलमलींतून गाळून घ्यावा, हें सांगण्याचीहि गरज नसावी. तरी आम्ही दर वर्षीं सांगतों.

आमच्या ०.४ मिलिमीटरच्या नॉझलला दर चौरस इंचास २० पौंडांच्या आसपास दाब मानवला. हात चार पांच इंचांवर ठेवावा. फार दूर धरिला तर धुकें वाटेंतच वाळतें व पृष्ठ खरखरीत होतो. रंग देण्यापूर्वीं फोम साबणाच्या पाण्यानें पुसून कोरडा केला, कारण सांच्यांतून निघालेल्या भागांवर तेलकटपणा राहिलेला असतो. पहिला हात इतका विरळ कीं रंग दिला आहे असें वाटूंच नये. मुलांना येथें धीर धरवत नाहीं.

वजनाची गोष्ट मात्र कोणी डोळ्यांआड करूं नये. द्रवांतील पाणी उडून जातें, बाकी सर्व विमानावर राहतें. आमचें विमान रंगापूर्वीं ६१२ ग्रॅम होतें, रंगानंतर ६३५. तेवीस ग्रॅम म्हणजे फार नव्हेत. पण ते कोठें पडले हें महत्त्वाचें. विमानाचा तोल ज्या ठिकाणीं साधतो तेथून शेपूट ४४ सेंटिमीटर मागें आणि नाक अवघें १६ सेंटिमीटर पुढें. शेपटीवर ४ ग्रॅम रंग जास्त बसला तर तो तोलण्यास नाकांत ११ ग्रॅम शिसें घालावें लागतें. म्हणजे ४ ग्रॅमच्या हौसेपायीं १५ ग्रॅमचें ओझें. शेपूट जड राहिलेलें विमान नाक वर करितें, वेग गमावितें व कोसळतें. म्हणून शेपटीस आम्हीं दोनच हात दिले, आणि ती किंचित् फिकी दिसते ही टीका शांतपणें ऐकून घेतली. गर्द रंगाचा मोहहि आम्हीं टाळला, कारण काळा वा गडद निळा पंख उन्हांत इतका तापतो कीं फोम मऊ पडून वांकडा होतो.

काम सुरू करण्यापूर्वीं त्याच कारागिराच्या मुलानें पिशवींतून तोंडाला लावावयाचे सहा मास्क काढून सर्वांना वांटले. रंग पाण्याचा आहे, त्यांत थिनर नाहीं, असें एकानें म्हणतांच तो म्हणाला, "पाण्याचा असला तरी धुकें छातींतच जातें. माझे बाबा रात्रभर खोकतात." यावर कोणी कांहीं बोललें नाहीं. खिडक्या उघडल्या, पंखा बाहेरच्या दिशेस फिरविला, आणि मास्क लावल्याशिवाय एअरब्रशला हात लावावयाचा नाहीं हा नियम झाला. तो आम्हीं केलेला नाहीं. त्या मुलानें केला.

संमेलनाच्या दिवशीं विमान मैदानावरून चांगलें सात मिनिटें उडालें. उतरल्यावर गर्दींतून मुलाचे वडील पुढें आले. त्यांनीं विमान उचललें, खालच्या पंखावरून अंगठा फिरविला, आणि आम्हां कोणाच्याहि दृष्टीस न पडलेला बाजरीच्या दाण्याएवढा ओघळ दाखविला. मग विचारलें, "ह्यांत थिनर कोणता?" पाणी, असें मुलानें सांगितलें. त्यांनीं विमान नाकाशीं नेऊन वास घेतला. मोटारींच्या कारखान्यांतून पाण्यांत मिसळणारे रंग पुष्कळ ठिकाणीं वापरतात, हें आम्हीं त्यांना सांगितलें. त्यांना तें ठाऊक होतें. "तिथें वाळवायला बंदिस्त खोली असते, गरम हवा असते," ते म्हणाले. "आमच्याकडे रस्त्यावरची धूळ असते. पावसांत गाडी तीन दिवस अडकून पडेल, गिऱ्हाईक थांबतंय होय?" तरी जातांना उरलेल्या पिवळ्या रंगाची अर्धी बाटली त्यांनीं मागून घेतली. गॅरेजमध्यें एक जुनें स्कूटरचें मडगार्ड पडलें आहे, त्यावर मारून पाहतों म्हणाले.