दादा, त्या रकान्यात 'नाही' लिहू नकोस

नांदेड–पनवेल एक्स्प्रेस, घाटनांदूर मागे पडल्यावर

ती. स्व. दादास,


गाडी हलेपर्यंत स्टेशनवर थांबलास, बरं वाटलं. पण घरातलं आपलं बोलणं अर्धवट राहिलं, ते मनातून जात नाही. फोनवर विषय काढला की तू 'बघू' म्हणून टाळतोस, म्हणून पत्र.

मी आत्ता निघाले आहे त्याच सिंगापूरच्या क्रूझला दिवाळीनंतर तू आणि वहिनी जाणार, याचा मला फार आनंद आहे. थर्मल वीज केंद्रातून रिटायर झाल्यापासून तू परळीबाहेर पडलास तो लग्नकार्याला, नाहीतर दवाखान्याला. पण एजंट ट्रॅव्हल इन्शुरन्सचा फॉर्म भरत होता, 'पूर्वीचे आजार' या रकान्याशी त्याचं पेन थांबलं, आणि तू म्हणालास, "काही नाही म्हणून लिहा. उगं प्रीमियम वाढतो." त्यानंही मान डोलावली. इतक्या वर्षांची शुगर, बीपीची गोळी, लातूरला टाकलेला स्टेंट, आणि फॉर्मवर 'नाही'! तेवढ्यात वहिनी चहा घेऊन आल्या, म्हणून मी गप्प बसले.

सही अजून झालेली नाही. ती करण्याआधी माझी पत्रं वाच.

रेल्वेच्या ऑनलाइन तिकिटावर माणशी ४५ पैशांत विमा मिळतो. अपघातात मृत्यू आला तर घरच्यांना दहा लाख रुपये. त्यात कुणी आजार विचारत नाही, कारण तो फक्त गाडीच्या अपघाताचा आहे. आपल्या घरात प्रवासविम्याची ओळख तेवढीच. टिक केली की विषय संपला. नॉमिनीचं नाव भरायची लिंक येते, तीही उघडायची राहते. क्रूझच्या विम्याचं तसं नाही, त्यात माणसाची तब्येतच आधी विचारतात.

लातूर रोड येईल आता. आडवी होते.

मुंबई, विमानतळावर

ती. स्व. दादा,

वहिनींना बोटीची भीती वाटते हे मला माहीत आहे. आपल्या आईच्या पिढीला बोट म्हटलं की 'रामदास'च आठवायची. १७ जुलै १९४७, मुंबईहून रेवसला निघालेली बोट भर पावसात उलटली आणि सहाशेच्या वर माणसं गेली. ती भीती खोटी म्हणणार नाही. पण आजच्या क्रूझवर आपल्या वयाच्या माणसाला धोका असतो तो छातीचा, घसरून खुबा मोडण्याचा, पोट बिघडण्याचा. म्हणजे परळीत जो असतो तोच. फक्त तिथं आपले डॉक्टर नसतात आणि बंदर यायला रात्र लागते. वहिनींना हे नीट समजावून सांग, त्या समजून घेतील.

एजंटानं दाखवलेले तीन कागद मी वाचले होते. त्यातला सगळ्यात स्वस्त कागद देशांतर्गत प्रवासाचा होता. मुंबईहून गोवा किंवा लक्षद्वीपला जाऊन परत येणाऱ्या बोटीसाठी तो चालेल. सिंगापूरहून सुटून मलेशियाला जाणाऱ्या बोटीवर त्याचा काही उपयोग नाही. तिथं ओव्हरसीज पॉलिसीच लागते, आणि ती भारत सोडण्याआधी घ्यावी लागते. आपली घरची मेडिक्लेमही साधारणपणे भारतातल्याच हॉस्पिटलांपुरती असते. तू म्हणालास, "मेडिक्लेम आहे की." ती तिकडं चालणार नाही, दादा.

बाकीच्या दोन कागदांत तू फक्त आकडा बघितलास, पन्नास हजार डॉलर आणि एक लाख डॉलर. मला आकड्याखालची बारीक अक्षरं जास्त महत्त्वाची वाटली. साठीच्या पुढच्या माणसाला बऱ्याच पॉलिसींत खोलीभाडं, सर्जनची फी, आयसीयू यांना वेगवेगळी मर्यादा असते. वरचा आकडा लाखाचा दिसला तरी एका दिवसाच्या आयसीयूला मिळतील ते ठरलेले डॉलरच. म्हणून अशी मर्यादा नसलेला पन्नास हजारांचा कागद मी मर्यादावाल्या लाखाच्या कागदापेक्षा वर ठेवीन. दिवस मात्र परतीच्या तारखेपेक्षा दोन-तीन जास्तीचे घे. बोट उशिरा आली, विमान चुकलं, तर विमा मधेच संपायला नको.

बोर्डिंगची घोषणा झाली.

बोटीवरून, मलाक्काची सामुद्रधुनी

ती. स्व. दादा,

हे पत्र मोठं होणार. रात्री जे बघितलं ते तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आमच्या ग्रुपमध्ये सोलापूरकडचे एक काका-मावशी आहेत. मावशी तुझ्याच वयाच्या. जेवण झाल्यावर त्यांना दम लागला, घाम फुटला. काका घाबरले, त्यांना इंग्रजीही जुजबीच येतं, म्हणून मी सोबत गेले. बोटीचं मेडिकल सेंटर अगदी खालच्या डेकवर असतं. लिफ्टनं खाली उतरलं की गाणी, दिवे सगळं वरच राहतं. पांढरा कॉरिडॉर, एक नर्स, एक डॉक्टर. त्यांनी लगेच ऑक्सिजन लावला, ईसीजी काढला, रक्त घेतलं. माणसं चांगली होती, हात भराभर चालत होते.

पण तो बोटीचा खासगी दवाखाना. प्रत्येक तपासणी आणि प्रत्येक इंजेक्शन केबिनच्या खात्यावर चढतं, डॉलरमध्ये. तिथं आपलं कॅशलेस कार्ड चालत नाही. पैसे आधी आपण भरायचे, मग पावत्या दाखवून कंपनीकडून मागायचे. काकांनी क्रेडिट कार्ड काढून दिलं. त्यांच्या मुलानं मुद्दाम त्यावर मर्यादा वाढवून ठेवली होती. तू आणि वहिनी निघाल तेव्हा ही सोय आधी करून ठेवायची.

मग नर्सनं कागद पुढं केला: कोणते आजार, कोणत्या गोळ्या. काकांनी खिशातून प्लास्टिकची पिशवी काढली. त्यात मेटफॉर्मिन आणि टेल्मिसार्टनच्या पट्ट्या, सोलापूरच्या डॉक्टरांची इंग्रजीतली चिठ्ठी आणि पॉलिसीची झेरॉक्स. त्या झेरॉक्सवर, तू ज्या रकान्यात 'नाही' लिहायला निघालास त्याच रकान्यात, लिहिलं होतं: डायबेटिस, हायपरटेन्शन. मी बोटीच्या वायफायवरून विमा कंपनीच्या मदत केंद्राला फोन लावून दिला. पलीकडच्या बाईंनी पहिला प्रश्न तोच विचारला, आधीचा आजार कळवला होता का? काका म्हणाले, "हो." पुढचं बोलणं सोपं झालं. क्लेमचा नंबर मिळाला आणि पेनांगला उतरवून हॉस्पिटलात न्यायचं ठरलं.

तिथं उभी असताना मला तू दिसत होतास. तुझ्या वतीनं वहिनींना नर्सच्या आजारांबद्दलच्या प्रश्नाचं काय उत्तर देता आलं असतं? "आजार आहेत" म्हणावं तर फॉर्म खोटा पडतो. "नाहीत" म्हणावं तर डॉक्टर चुकीची औषधं देतील.

कॉमर्सच्या मुलांना मी इतकी वर्षं विमा शिकवला, त्यातला एक खटला इथं फार आठवतो. आत्ता डाव्या हाताला सुमात्रा आहे. त्याच बेटाच्या पलीकडच्या किनाऱ्यावर इंग्रजांचा फोर्ट मार्लबरो हा किल्ला होता. तिथल्या गव्हर्नरासाठी लंडनमध्ये किल्ल्याचा विमा उतरवला गेला, १७६० मध्ये फ्रेंचांनी किल्ला घेतला, आणि विमा देणारा म्हणाला की किल्ला कच्चा असल्याचं मला सांगितलं नाही. १७६६ मध्ये लॉर्ड मॅन्सफिल्डनं त्या खटल्यात तत्त्व मांडलं, की जे एकालाच ठाऊक आहे ते त्यानं दुसऱ्याला सांगायलाच हवं. निकाल गव्हर्नराच्या बाजूनं लागला, कारण किल्ला कच्चा असल्याचं विमा देणाऱ्यालाही कळण्यासारखं होतं. पण तुझ्या छातीतला स्टेंट कंपनीला तू सांगितल्याशिवाय कसा कळणार?

आपल्याकडचे दोन निकाल मी वर्गात नेहमी शेजारी शेजारी ठेवायची. २००९ मध्ये सुप्रीम कोर्टापुढे एक मेडिक्लेमचा खटला होता. विमा घेणाऱ्यानं जुना मधुमेह आणि किडनीचा विकार फॉर्मवर लिहिला नव्हता. कोर्टानं कंपनीचा नकार कायम ठेवला, घरच्यांना काही मिळालं नाही. दुसरा डिसेंबर २०२१ चा, आणि तो नेमका परदेश प्रवासाच्या विम्याचा. एका गृहस्थांनी मधुमेह असल्याचं फॉर्मवर लिहिलं होतं आणि कंपनीनं तपासणी करूनच पॉलिसी दिली होती. सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळावर उतरताच त्यांना त्रास झाला, तीन स्टेंट टाकावे लागले. कंपनीनं आजाराचंच कारण काढून पैसे नाकारले. सुप्रीम कोर्ट म्हणालं, आजार माहीत असून पॉलिसी दिलीत, आता मागे फिरता येणार नाही. दोघांनाही शुगरच होती, दादा. एकानं लिहिली होती, एकानं नव्हती.

थर्मलमध्ये तू शिफ्टला असताना बॉयलरचं वाढलेलं प्रेशर लॉगबुकात लिहायचं कधी टाळलंस का? साहेब रागावतील म्हणून कमी आकडा लिहिणाऱ्या पोरांना तूच बोलायचास. हा फॉर्म तसंच लॉगबुक आहे.

पेनांग, जॉर्ज टाउन

ती. स्व. दादा,

मावशींना स्वेटनहॅम पिअरवरूनच ॲम्ब्युलन्समध्ये घातलं. पेनांगला खासगी हॉस्पिटलं मोठी आहेत, बाहेरच्या देशातूनही लोक उपचाराला येतात. विमा कंपनीचं हमीपत्र हॉस्पिटलात दुपारी आलं. मावशींना आता बरं आहे, बोलतात.

यातही एक बारकावा आहे. आजार लिहिला म्हणजे त्याचा सगळा खर्च मिळतो, असं नाही. काकांच्या पॉलिसीत जुन्या आजाराला कव्हर आहे ते जीव वाचवण्यापुरतं, तेही ठरावीक रकमेपर्यंत. त्यापलीकडचं त्यांना भरावं लागेल. काही पॉलिसी जुना आजार अजिबात घेत नाहीत, काही जास्तीचा प्रीमियम घेऊन घेतात. तुला दुसऱ्या प्रकारची हवी. स्टेंट लिहिल्यावर कंपनी तपासण्या मागेल, कदाचित नकारही देईल. नकार आला तर दुसरी कंपनी बघू. कुणीच घ्यायला तयार नसेल, तर तुझ्या लातूरच्या डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय मी तुला बोटीवर चढू देणार नाही, आणि तेव्हा मला दोष देऊ नकोस.

आजाऱ्याला हलवण्याचा खर्च, म्हणजे मेडिकल इव्हॅक्युएशन, वेगळा बघ. भर समुद्रातून हेलिकॉप्टर लागलं किंवा डॉक्टर-नर्ससह विमानानं भारतात आणायची वेळ आली, तर हॉस्पिटलाच्या बिलापेक्षा तो खर्च मोठा होतो. आणि बोट कुणासाठी थांबत नाही. संध्याकाळी आमची बोट सुटेल आणि काका-मावशी इथंच राहतील. काकांचं हॉटेल, दोघांची नवी विमान तिकिटं, हे कुठल्या कलमात बसतं ते मी त्यांच्याबरोबर बसून वाचलं. त्यांच्या पॉलिसीत सोबत्याच्या राहण्याचा खर्च होता, तुझ्या तीन कागदांपैकी एकातच आहे.

काही पॉलिसींत क्रूझचं वेगळं कव्हर जोडून मिळतं: बंदर गाळलं, बोट चुकली, केबिनमध्ये अडकून पडावं लागलं तर. २०२० च्या फेब्रुवारीत योकोहामाला 'डायमंड प्रिन्सेस' अडकली होती ते तुला आठवत असेल. बोटीवर ३,७११ माणसं, त्यात १३८ भारतीय. असं रोज होत नाही, त्यामुळे हे कव्हर मिळालं तर घे, पण त्याच्यासाठी जुन्या आजाराचं कव्हर सोडू नकोस.

बोटीचा रिपोर्ट, बिलातली प्रत्येक ओळ, पैसे भरल्याची पावती, पासपोर्टवरचे शिक्के, सगळ्याचे फोटो काढून मी काकांच्या मुलाला पाठवले. कंपनीनं महिनाभरात उत्तर दिलं नाही किंवा ते पटलं नाही, तर विमा लोकपालांकडे जाता येतं. त्याला फी नाही, आणि आपल्या बीड जिल्ह्यासाठी ते पुण्याला आहेत. पण तिथंही तक्रार उभी राहते ती फॉर्मवर काय लिहिलं त्याच्यावर.

तू म्हणालास, वैजनाथ बघून घेईल. माझीही श्रद्धा तुझ्याइतकीच आहे. समुद्रमंथनातलं अमृत आणि धन्वंतरी त्या लिंगात आहेत, हे आपण लहानपणापासून पायऱ्या चढताना ऐकलं. त्याला हात लावून निघणार आहेस तू. निघताना खिशात खोटा कागद नसावा, एवढंच म्हणते.

एजंटाचा नंबर मला पाठव. सिंगापूरला पोचले की मीच त्याच्याशी बोलते आणि जुन्या आजारासकट नवा दर मागवते. वाढीव प्रीमियम जास्त वाटला तर अर्धा मी भरते, भाऊबीजेला मला साडी घेऊ नकोस. मदत केंद्राचा नंबर आणि पॉलिसी नंबर वहिनींच्या मोबाइलमध्ये टाकून ठेव, तुझ्या नको. आजारी पडणार असलास तर तू पडशील आणि फोन त्यांना करावा लागेल. तुझ्या गोळ्यांची नावं डॉक्टरांकडून इंग्रजीत लिहून घे.

वहिनींना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद.

तुझी धाकटी बहीण