सव्वातीन किलोंचं देणं

माझ्या कपाटात कुलपाआड असलेली रायफल मी माझ्या पगारातून घेतली. पावती माझ्या नावाची, शिकारीचा परवानाही माझाच. तरी ती माझी एकटीची कमाई आहे असं म्हणायला जीभ रेटत नाही. किती वजनाची घ्यायची, कुठल्या काडतुसाची, दस्ता किती लांब हवा, पावसात ती कशी सांभाळायची, हे सगळं मला शिकवलं ते आमच्या रस्त्याच्या टोकाला राहणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांनी. लाकडाच्या गिरणीत मोठमोठ्या करवतींना धार लावण्यात त्यांचा जन्म गेला होता. माझी मुलगी त्यांना पहिल्या भेटीपासून आजोबा म्हणायची. मग मीही तसंच म्हणू लागले. गेल्या हिवाळ्यात ते गेले. त्यांच्याविषयी लिहायचं तर बंदुकीविषयीच लिहावं लागेल, कारण त्यांनी माया केली ती त्याच वाटेने.

आम्ही राहतो ते हिल्सबरो ऑरेगन राज्यात, पोर्टलंडच्या पश्चिमेला. इंटेलच्या कारखान्यांमुळे इथे मराठी घरं पुष्कळ. गाव संपलं की थोड्याच वेळात कोस्ट रेंजचे डोंगर लागतात आणि टिलामुकचं जंगल सुरू होतं. 1933, 1939, 1945 आणि 1951 असं दर सहा वर्षांनी हे जंगल पेटलं. साडेतीन लाख एकरांवर काळे खुंट उरले. 1949 पासून पुढची चोवीस वर्षं तिथे रोपं लावली गेली, आणि लावणाऱ्यांत पोर्टलंड भागातली शाळकरी मुलंही होती. आजोबा त्या मुलांतले एक. लहानपणी ज्या उतारांवर त्यांनी डग्लस फरची रोपं खोचली, तिथेच पुढे आयुष्यभर ते काळ्या शेपटीच्या हरणांमागे फिरले. रान आपण लावलं आहे, तर त्यातलं हरीणही नीटच मारलं पाहिजे, असं ते म्हणायचे. माझं सगळं शिक्षण या एका वाक्यातून निघालं.

मी कोल्हापूरची. आमच्याकडे शिकार म्हणजे संस्थानी काळाच्या आठवणी. दाजीपूरचं जंगल एकेकाळी महाराजांचं शिकारीचं रान होतं, आता अभयारण्य आहे. आणि 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हरणावर बंदूक रोखणं हा गुन्हाच. ते योग्य आहे असं मी आजही मानते. इथली गोष्ट निराळी. इथे हरणं भरपूर, हंगाम ठरलेला, टॅग मोजून मिळणारा, आणि 1937 च्या कायद्यानुसार रायफली व काडतुसांवरचा 11 टक्के कर राज्यांच्या वन्यजीव-कामासाठी राखलेला. बुधवार-रविवार मटण शिजणाऱ्या घरात मी वाढले. पुढे पुढे मला वाटू लागलं की आपल्या ताटातल्या जिवाच्या मरणाची जबाबदारी कधीतरी आपणच घ्यायला हवी. हे मी कुणाशी बोलले नव्हते. एका ऑक्टोबरात आजोबांच्या गॅरेजात टांगलेलं हरीण बघून मुलगी तिथेच थबकली, त्यांनी आम्हाला आत बोलावलं, आणि मी ते त्यांच्यापाशी बोलून गेले.

ते लगेच काही म्हणाले नाहीत. आतून त्यांची जुनी विंचेस्टर मॉडेल 70 घेऊन आले, बोल्ट मागे ओढला, चेंबर रिकामं असल्याचं मला दाखवलं आणि रायफल माझ्या हातात दिली. मी ती घेतली, नळी भिंतीकडे वळवली आणि चेंबरमध्ये स्वतः बोट घालून पुन्हा तपासलं. कॉलेजात एनसीसीत आम्हाला पॉइंट टू-टू चालवायला देत, तेव्हा ‘जाँच शस्त्र’चा हुकूम अंगात इतका मुरला होता की हात आपोआप गेला. आजोबांनी ते पाहिलं. “बस,” ते म्हणाले, “तुला मी शिकवतो.”

त्यांची ती रायफल .270 होती. हे काडतूस 1925 साली आलं आणि ‘आउटडोअर लाइफ’ मासिकात जॅक ओकॉनर यांनी ते दशकानुदशकं उचलून धरलं. आजोबांनी ओकॉनरच्या लेखांची कात्रणं एका बुटांच्या खोक्यात जपली होती. मला वाटलं, ते मलाही .270 च घ्यायला सांगतील. पण त्यांनी मला आधी डोंगरावर नेलं. ऑगस्टचा महिना, हंगामाला अजून वेळ, आणि खांद्यावर त्यांची रिकामी रायफल, दुर्बिणीसकट चार किलोंच्या वर. झाडं तोडून मोकळ्या केलेल्या उतारावर, आडव्या पडलेल्या ओंडक्यांवरून, कमरेइतक्या नेच्यांतून त्यांनी मला दिवसभर चढवलं-उतरवलं. संध्याकाळी विचारलं, “आत्ता या क्षणी समोर हरीण आलं, तर खांद्यावर घेशील?” मी उचलली. नळी थरथरत होती. शिवाय दस्ता त्यांच्या मापाचा, माझ्या काखेत अडकत होता. डोळा दुर्बिणीच्या मागे नीट येईचना. “कळलं?” ते म्हणाले. “दुकानात बंदूक पाच मिनिटं हातात असते. इथे ती दिवसभर असते.”

मग मी दुसऱ्या टोकाला गेले. सव्वादोन किलोंच्या रायफलीही मिळतात, तीच घेऊ म्हटलं. त्यालाही त्यांनी मान हलवली नाही. फार हलकी नळी चढून आलेल्या माणसाच्या छातीच्या ठोक्याबरोबर उडते, स्थिरावत नाही. आणि दुसरा हिशोब मी इंजिनिअर असल्यामुळे मलाच करायला लावला. काडतूस तेच ठेवून रायफलीचं वजन एक चतुर्थांश घटवलं, तर खांद्याला बसणाऱ्या धक्क्याची ऊर्जा एक तृतीयांशाने वाढते. कागदावर हे मी क्षणात मांडलं, पण त्याचा अर्थ आजोबांनी सांगितला: धक्क्याची धास्ती बसली की माणूस सराव टाळतो, चाप ओढताना डोळे मिटतो, आणि गोळी काळजाऐवजी पोटात जाते. मग ते हरीण रात्रभर कुठेतरी झुडपात तडफडत राहतं. हे बोलताना त्यांचा आवाज चढायचा. बाकी कशावरही न चिडणारा माणूस एवढ्या एका गोष्टीवर चिडायचा.

म्हणून कॅलिबरचा प्रश्न त्यांनी खांद्यापासून सोडवला. ऑफिसातले एकदोन उत्साही सहकारी मला .300 मॅग्नम घ्यायला सांगत होते, म्हणजे चिंता नको. आजोबा म्हणाले, काळ्या शेपटीचा नर फार तर ऐंशी-नव्वद किलोंचा, बहुतेक त्याहून लहान. त्याला एवढी ताकद कशाला? ऑरेगनचा कायदा तर हरणासाठी .22 सेंटरफायरपर्यंत खाली उतरू देतो. पण कायद्याला चालतं ते सगळं हरणाच्या भल्याचं असतंच असं नाही. .243 त्यांना आवडे, धक्का कमी, नेम सुरेख. तरी पहिल्या हंगामाला थोडी जास्त जड गोळी असावी, हरीण तिरकं उभं असलं तरी आतपर्यंत पोचणारी, असं त्यांचं मत. .30-06 मध्ये काही खोट नव्हती. पण साडेसात पौंडांच्या रायफलीत तिचा धक्का 20 फूट-पौंडांच्या पुढे जातो. त्याच वजनात 7 एमएम-08 चा साधारण 13.

हे 7 एमएम-08 रेमिंग्टनने 1980 मध्ये बाजारात आणलं: .308 चंच काडतूस, फक्त मान आवळून सात मिलिमीटरची गोळी बसवलेली. 140 ग्रेनची गोळी सेकंदाला सुमारे 2,800 फूट वेगाने जाते. लहान काडतूस, म्हणून बोल्टचा प्रवासही आखूड आणि रायफल त्या मानाने आटोपशीर. आकडे मला पटत होते, तरी मन घेत नव्हतं, कारण नाव ओळखीचं नव्हतं. तेव्हा आजोबा उठले आणि जिम कॉर्बेटचं ‘मॅनईटर्स ऑफ कुमाऊं’ घेऊन आले. 1946 ची अमेरिकन आवृत्ती, पुठ्ठा सुटत आलेला. मी कॉर्बेट मराठीत वाचलेला, शाळेच्या सुटीत, कोल्हापूरच्या माडीवर. चंपावतच्या वाघिणीला मारल्यावर 1907 मध्ये कॉर्बेटला बक्षीस मिळाली ती रिग्बी कंपनीची .275, आणि 1926 मध्ये रुद्रप्रयागच्या बिबट्याला त्याने मारलं तेही तिच्याच गोळीने. “.275 म्हणजे जुनं जर्मन 7 बाय 57,” आजोबा म्हणाले, “आणि तुझं 7 एमएम-08 जवळजवळ तेच काम करतं, फक्त नव्या काडतुसातून. तुझ्या देशातल्या डोंगरांत हे सिद्ध झालंय, मी काय वेगळं सांगू?” ऑरेगनच्या त्या स्वयंपाकघरात गढवालचं नाव निघालं आणि माझं ठरलं.

पावसाचं शास्त्र मात्र त्यांनी सर्वांत मन लावून शिकवलं. कोस्ट रेंजवर ऑक्टोबर उलटला की आभाळ मोकळं असं राहतच नाही. अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता पाणी पितो, फुगतो, नळीला एका बाजूने रेटतो, आणि घरून निघताना नीट असलेला नेम डोंगरावर सरकलेला असतो. जन्मभर लाकडाची नोकरी केलेला माणूस मला म्हणाला, “तू प्लॅस्टिकचा दस्ता घे.” त्यांच्या तोंडून हे ऐकताना मला गलबलून आलं, कारण स्वतःच्या अक्रोडी दस्त्यावर ते दर वर्षी हाताने जवसाचं तेल चोळत. मग आम्ही फिनलंडमध्ये बनलेली टिक्का निवडली, स्टेनलेस नळीची, काळ्या सिंथेटिक दस्त्याची. नळी दस्त्याला कुठे टेकत नाही हे त्यांनी एक डॉलरची नोट मधून सरकवून पाहिलं. दस्ता मागून कापून माझ्या हाताच्या मापाचा करून घेतला. दुर्बीण ल्युपोल्डची, तिचा कारखाना इथेच शेजारी, बीव्हर्टनला. भिंगांमध्ये धुकं धरू नये म्हणून आत नायट्रोजन भरलेली दुर्बीण या कंपनीने 1947 मध्येच काढली होती. सगळं मिळून वजन सव्वातीन किलो.

स्टेनलेस म्हणजे गंजत नाही असं समजू नकोस, हे त्यांनी पुन्हा पुन्हा बजावलं. सावकाश गंजतं, एवढंच. आणि बोल्टच्या आतली स्प्रिंग, फायरिंग पिन हे भाग बहुधा साध्या पोलादाचेच असतात. ओली रायफल खोळीत घालून ठेवायची नाही. घरी आल्यावर आधी ती पुसायची, मग आपले कपडे बदलायचे. पावसात नळीच्या तोंडावर वीजवाल्यांची चिकटपट्टी लावायची. गोळीच्या पुढे धावणारी हवाच ती उडवून देते, नेमाला बाध येत नाही. नळीत पाणी किंवा चिखल शिरला तर मात्र नळी फाटू शकते. त्या पट्टीचं एक रिंगण त्यांच्या कोटाच्या खिशात कायम असे.

सरावाला टेबल-खुर्ची नव्हती. शंभर यार्डांवर पावणेदोन इंच वर लागेल अशी दुर्बीण लावली, म्हणजे दोनशेवर बरोबर मध्यभागी. एवढंच काय ते टेबलावर. बाकी सगळं गुडघ्यावर, मांडी घालून, काठीच्या टेकूवर. आठ इंची कागदी ताटली लावायची. ज्या अंतरावर धाप लागलेली असताना प्रत्येक गोळी ताटलीत बसते, ते आपलं अंतर. त्यापलीकडचं हरीण आपलं नाही. पहिल्या हंगामात दरीच्या पलीकडच्या उतारावर एक सुरेख नर माझ्यासमोर किती तरी वेळ चरत होता, माझ्या अंतराच्या बराच बाहेर. मी रायफल खाली ठेवली. शेजारी बसलेल्या आजोबांनी काही न बोलता माझ्या पाठीवर थाप मारली. मला आजवर मिळालेल्या कुठल्याही प्रशस्तिपत्राहून ती थाप मोठी वाटते.

हरीण मिळालं ते पुढच्या हंगामात, भुरभुर पावसात, साठ-सत्तर यार्डांवर. ते दोन उड्या मारून पडलं. आजोबांनी आधी मला त्याच्यापाशी एकटीला जाऊ दिलं, आणि मग सुरीचं काम शिकवलं. त्यांच्या-माझ्यात मतभेद एकच झाला. शिशाच्या गोळीचे बारीक कण मांसात पसरतात, आणि ते मांस माझी मुलगी खाणार, म्हणून मी तांब्याची गोळी वापरायची ठरवली होती. त्यांचा शिशावर विश्वास होता. त्यांनी वाद घातला, मग जखम नीट पाहिली, आणि पुढच्या वर्षी स्वतःसाठीही तांब्याचीच काडतुसं आणली. त्या मटणाचा मी तांबडा रस्सा केला. हरणाच्या मटणाला चरबी नाही, म्हणून मंद आचेवर बराच वेळ ठेवलं, आईने पाठवलेली कांदा-लसूण चटणी घातली. आजी गेल्यापासून आजोबा एकटेच जेवत. त्या दिवशी घाम पुसत पुसत त्यांनी दोनदा वाढून घेतलं.

मी त्यांना पैशांविषयी एकदाच विचारलं. पेट्रोल, काडतुसं, त्यांचे एवढे दिवस. त्यांनी गिरणीतल्या आपल्या वस्तादाची गोष्ट सांगितली. नॉर्वेहून आलेला तो म्हातारा त्यांना करवत आणि रायफल दोन्ही शिकवून गेला होता, आणि त्यानेही त्यांच्याकडून काही घेतलं नव्हतं. “त्याचंच माझ्याकडे अजून बाकी आहे,” म्हणाले, “तुझं कुठे घेऊ?”

त्यांची मॉडेल 70 आता त्यांच्या नातीकडे आहे. ती तिला वापरता येत नाही, कारण ती डावखुरी आहे आणि बोल्ट उजवीकडे. उंचीने ती माझ्याहून वीतभर जास्त, खांदाही भक्कम; माझं वजन, माझा दस्ता, कदाचित माझं काडतूसही तिच्या उपयोगाचं नाही. तिने मला विचारलं, मी काय घेऊ? मी तिला अजून काही सांगितलेलं नाही. ऑगस्टमध्ये आम्ही दोघी टिलामुकला जाणार आहोत, तिच्या खांद्यावर आजोबांचीच रायफल देऊन. त्यानंतर डावखुऱ्या बोल्टच्या रायफली पाहू. त्या कमी मिळतात, म्हणून दुकानदाराला आत्ताच सांगून ठेवलं आहे.