इथं हवा अडकली

परवा वाळूजजवळ छोट्या पंढरपूरच्या सिग्नलला उभी होते. शेजारून बजाजची एक जुनी एम-एटी गेली. दोन्ही अंगांना दुधाचे रिकामे कॅन, मागे निळसर धूर. पेट्रोलसोबत ऑइल जळल्याचा तो वास किती वर्षांनी आला! सिग्नल सुटला तरी मी तिथंच, मागचे हॉर्न वाजवून थकले.

घरी आल्यावर आधी दाराआड हात घातला. कव्हर जागेवर होतं.

कव्हर म्हणजे एम-एटीच्या क्लचचं, अ‍ॅल्युमिनियमचं. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ते कारखान्यातून आणलं तेव्हा मी तिसरीत होते. वाळूजशेजारच्या रांजणगावातल्या आमच्या खोलीचं दार वाऱ्यानं आपटायचं, म्हणून आईनं ते दाराला टेकवून ठेवलं. पुढं ते लोणच्याच्या बरणीत फोडींवर ठेवलेल्या ताटलीवर बसलं, बीएडच्या वर्षी माझ्या पाठटाचणांच्या कागदांवर बसलं. लग्नात भांडी दिली, ती मी गुपचूप घेतली. हे मात्र मागून आणलं.

त्या रात्रीचं मला सगळं आठवतं. अण्णा सेकंड शिफ्टहून आले होते. कंपनीची बस फाट्यावर सोडायची, तिथून चालत. डब्याच्या पिशवीतून त्यांनी कव्हर काढलं, गेटपासची चिठ्ठी आईला दाखवली आणि बल्बखाली बसून डोळे मिटले. मधलं बोट कव्हरच्या कडेवरून हळूहळू फिरत गेलं आणि एका जागी थांबलं.

"इथं. हवा अडकली."

मला काहीच दिसेना. मी बोट फिरवलं, काहीच लागेना. आईनं गोधडीची सुई दिली. सुईचं टोक तिथं आत गेलं.

अ‍ॅल्युमिनियम 660 अंशांना वितळतं. ते पाणी दाबानं डायमध्ये, म्हणजे साच्यात, घुसतं, डोळ्याचं पातं लवायच्या आत. डायमधल्या हवेला बाहेर पडायला वाट मिळाली तर ठीक, नाहीतर ती धातूतच कोंडून राहते. वरून पार्ट चकचकीत. कड तासली, वरचा पापुद्रा निघाला, की ब्लोहोल उघडं पडतं. इंजिनावर बसल्यावर तिथून ऑइल झिरपणार. म्हणून पार्टमध्ये हवा भरून तो पाण्यात बुडवतात; बुडबुडा आला की बाद. बाद झालेला पार्ट पुन्हा भट्टीत जातो. हा एक सुटला. अण्णांचं बोट टेस्टच्या आधी बुडबुडा सांगायचं, म्हणून साहेबांनी तो त्यांना दिला होता.

अण्णांचा कारखाना छोटा होता, त्याचं नाव मी लिहीत नाही. पण त्या काळचं वाळूज कसं होतं ते लिहायला हवं. गंगापूर तालुक्यातल्या कोरडवाहू रानात 1985 साली बजाजचा कारखाना आला, राष्ट्रपती झैलसिंगांनी उद्घाटन केलं. पुढच्या वर्षी एम-एटी रस्त्यावर आली. त्याच सुमाराला अनुरंग जैन यांनी दोन डायकास्टिंग मशीनवर अनुरंग इंजिनिअरिंग सुरू केलं. तीच आजची एन्ड्युरन्स. त्यांचे जुळे भाऊ तरंग यांनी व्हॅरॉक उभी केली. शॉकअप, क्लच, ब्रेक, दिवे, आरसे, एकेका भागामागे एकेक शेड, आणि प्रत्येक शेडमागे आमच्यासारखी पत्र्याची खोली. बाजरी पिकवणारी माणसं दोन-चार वर्षांत मायक्रॉनमध्ये बोलायला लागली.

इथं मध्येच एक इटालियन माणूस येतो. कोराडिनो डास्कानियो. हेलिकॉप्टर बनवणारा इंजिनिअर. त्याला मोटारसायकल आवडायची नाही. 1946 च्या व्हेस्पाचं पुढचं चाक त्यानं विमानाच्या चाकासारखं एकाच बाजूनं धरलं, टायर चटकन बदलता यावा म्हणून. व्हेस्पा पुढं परवान्यावर बजाजच्या आकुर्डीच्या कारखान्यात आली, आणि 1972 साली राणा प्रतापांच्या घोड्याचं नाव घेऊन चेतक झाली. आमच्या शेजारच्या काकांची चेतक सकाळी आधी कलंडायची आणि मग किक. तिच्या पुढच्या चाकामागे विमानवाला माणूस आहे हे मला चाळिशीत कळलं. अण्णांना सांगितलं. ते म्हणाले, "एकाच बाजूनं धरलंय म्हणजे त्या बाजूचं कास्टिंग चांगलं पाहिजे." इटलीत आता एन्ड्युरन्सचे कारखाने आहेत हेही सांगितलं. तेव्हा मात्र ते बराच वेळ गप्प बसले, आणि तोंडभर हसले.

जुन्या गाड्यांच्या मेळाव्यांना मी जाते. चेतक, प्रिया, सुपर, रंग लावून, क्रोम घासून उभ्या असतात. लोक फोटो काढतात. माझा राग एवढाच, की इंजिन कुणी उघडून ठेवत नाही. ज्या कडा कुणाच्या तरी कानशीनं घासल्या, ज्या कडांवरून कुणाचं तरी बोट फिरलं, त्या आतच. गाड्यांशेजारी एक तरी क्लच कव्हर मांडा, आणि ते कसं ओततात ते दोन ओळींत लिहा.

हे लिहिताना खरं तर नोव्हेंबर आठवतोय.

पेन्शनसाठी हयातीचा दाखला लागतो. अण्णांना एका केंद्रावर नेलं. अंगठा ठेवला, मशीन लाल. पुसून ठेवला, लाल. तर्जनी, लाल. मधलं बोट, लाल. काउंटरवरचा मुलगा चांगला होता, त्यानं ओला रुमाल दिला, प्रत्येक बोट पुन्हा ठेवायला लावलं. "काका, तुमच्या बोटांना रेषाच नाहीत." कानशीनं, वाळूकागदानं, गरम पार्टनं तीस वर्षांत घासून नेल्या होत्या. हातमोजे मिळायचे, पण मोज्यातून छिद्र कळत नाही म्हणून अण्णा उजवा काढून ठेवायचे. ते त्या लाल दिव्याकडे बघत होते, आणि मी त्या मधल्या बोटाकडे.

शेवटी डोळ्यावर काम झालं. बुबुळ जुळलं.

बाहेर येऊन रिक्षा केली. नगर नाक्यापर्यंत अण्णा काही बोलले नाहीत. मग त्यांचा हात समोरच्या पत्र्यावर गेला, डोळे मिटले, बोट थोडं सरकलं आणि थांबलं.

"इथं पत्रा ठोकून घेतलाय. रंग नंतरचा आहे."

रिक्षावाल्यानं आरशातून पाहिलं. "हौ चाचा, पिछले साल ठोक दिया था एक ट्रकवाले ने. आपको कैसा मालूम?"

अण्णांनी सांगायला सुरुवात केली. घर आलं तरी त्यांचं संपलं नव्हतं, आणि रिक्षावाल्यानं मीटर बंद करून इंजिनही बंद केलं.