दहा की बावीस?

माझ्या टेबलावर दोन कागद शेजारी शेजारी पडलेत. एकावर सर्किट, दुसऱ्यावर सामानाची यादी. दोन्ही एकाच कंपनीचे, एकाच इन्व्हर्टरच्या नमुन्याचे. मॉस्फेटच्या, म्हणजे वीज चालू-बंद करणाऱ्या स्विचच्या, गेटला लावायचा रेझिस्टर सर्किटमध्ये 10 ओहमचा आहे, यादीत 22 चा.

मी यादीवर विश्वास ठेवला, कारण नांदेडच्या दुकानात यादीच दाखवायची असते. माहूरला परत येऊन बोर्ड तयार केला, बॅटरी जोडली आणि फट्! दोन मॉस्फेट उडाले. खोलीभर तो ओळखीचा जळका वास. (फ्यूज हाताला लागला तो टाकला होता, नको तेवढा मोठा. ते पाप माझं.)

मग कागद घेऊन बसलो. बॅटरीच्या दोन टोकांमध्ये वर एक, खाली एक असे मॉस्फेट असतात. दोघं क्षणभर जरी एकदम चालू राहिले तरी बॅटरी सरळ शॉर्ट. म्हणून एक बंद झाल्यावर दुसरा चालू होण्याआधी जराशी उसंत सोडतात. रेझिस्टर मोठा असला की गेट रिकामं व्हायला वेळ लागतो, उसंतही मग जास्त हवी. कंपनीच्या पुस्तिकेत ती एक मायक्रोसेकंद लिहिलीय. सोबतच्या प्रोग्रॅममध्ये निम्मीच. बहुधा कुणीतरी 22 चे 10 केले, उसंत कमी केली, चित्र नवं काढलं. यादी आणि पुस्तिका जुन्याच राहिल्या.

चुकीचा राग नाही. चुका मीही करतो. पण आधीचा आकडा कोणता, नंतरचा कोणता, हे कुठंच नाही.

इथं माहूरला देवदेवेश्वरी मंदिरामुळं महानुभाव पंथाच्या मंडळींची ये-जा असते. त्यांच्या पोथ्यांत एखादी लीळा, म्हणजे त्यांच्या स्वामींची आठवण, दोघांनी वेगवेगळी सांगितली असेल तर एक गाळून टाकत नाहीत. वेगळ्या पाठाला ते ‘वासना’ म्हणतात आणि तो कुणाचा, हिराइसेचा की रामेश्वरबासांचा, हेही नोंदवतात. तेराव्या शतकातल्या आठवणी, पिढ्यान्‌पिढ्या हातानं उतरवलेल्या. तरी कोण बोलतंय ते कळतं. माझ्या कागदांवर आकडे दोन, आणि बोलणारा कुणीच नाही.

दुसऱ्या खेपेला 10 ओहम लावले, फ्यूज बेताचा टाकला. काल संध्याकाळी वीज गेली तेव्हा दीड तास पंखा चालला. यादीतलं 22 मी खोडलेलं नाही. शेजारी पेन्सिलीनं 10 लिहिलंय, खाली तारीख आणि माझी सही.