सावित्रीकाठचे महाड

महाडला जाणारे आपण चवदार तळ्यावर अभिवादन करतो आणि लगेच एस.टी. गाठतो. बांधवांनो, एकदा दासगावच्या बंदरावरही उभे राहा.

महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावलेली सावित्री महाडपाशी गांधारीला घेते व बाणकोटला समुद्रास मिळते. या खाडीने गलबते वर येत. याच वाटेवर पाल्याच्या डोंगरात भिक्खूंची लेणी आहेत.

२५ डिसेंबर १९२७ रोजी बाबासाहेब मुंबईहून बोटीनेच दासगावला उतरले. हजारो सत्याग्रही वाट पाहात होते. तेथून सत्याग्रही पायी महाडला गेले.

त्या बोटी आता नाहीत. भरती मात्र येते. तिने पुराचे पाणी अडवले, की बाजारपेठ बुडते. २००५ आणि २०२१ चे पूर महाडकर विसरलेले नाहीत.