कोरियातले जपान

परवा नातू मोबाइलवर जुने फुटबॉलचे सामने बघत बसला होता. स्पेनमधले, १९९०च्या दशकातले. मी शेजारी मेथी निवडत होते. एकदम ओरडला, "आजी, ह्या रेफरीचं आडनाव जपान आहे!"

मी म्हटलं, "असेल जपानचा."

तर म्हणे नाही, चांगला स्पॅनिश माणूस आहे. खोसे हापोन सेविया. 'हापोन' म्हणजे त्यांच्या भाषेत जपान. आणि सेविया म्हणजे आपण भूगोलात सेव्हिल म्हणून शिकलो ते शहर. वडिलांचं आडनाव जपान, आईचं सेव्हिल. आता बोला!

तीस-पस्तीस वर्षं हजेरी घेण्यात गेली हो माझी. वेगळं आडनाव कानावर पडलं की मान वर होतेच. मेथी तशीच राहिली आणि पुढचे पंधरा दिवस मी ह्या जपान मंडळींच्या मागे होते. नातवाने शोधून द्यायचं आणि मी चष्मा लावून वाचायचं. वाचता वाचता माझ्याच एका जुन्या गोष्टीपाशी येऊन थांबले. ती शेवटी सांगते. आधी हापोन.

सेव्हिलच्या खाली, ग्वादलकिवीर नदीच्या काठावर, पंधरा किलोमीटरच्या आतबाहेर एक गाव आहे. लोकवस्ती तीस हजारांच्या आसपास. गावाचं नाव कोरिया देल रिओ, म्हणजे नदीकाठचं कोरिया. (त्या दुसऱ्या कोरियाशी काही संबंध नाही, पण मला हसू आलंच.) तर ह्या कोरियात आणि जवळपास मिळून हापोन आडनावाची सहा-सातशे माणसं आहेत, असं सांगतात. स्पेनमध्ये गार्सिया हे आडनाव लावणारे चौदा लाखांहून जास्त, म्हणजे शंभरात तिघं. त्यांच्यापुढे सहा-सातशे म्हणजे चिमूटभरच. आणि ही चिमूटही सगळ्या देशात विखुरलेली नाही, बरीचशी एकाच गावाभोवती.

हे आडनाव आलं कुठून? गावातली मंडळी गोष्ट सांगतात ती अशी.

ऑक्टोबर १६१३. जपानच्या उत्तरेकडच्या सेंदाई इथला सरदार दाते मासामुने ह्याने एक जहाज समुद्रात सोडलं. नाव सान हुआन बाउतिस्ता. जहाजावर सुमारे १८० माणसं होती. सामुराई, व्यापारी, खलाशी, नोकरचाकर, आणि चाळीसेक युरोपियन. प्रमुख होता हासेकुरा त्सुनेनागा नावाचा सामुराई. बरोबर लुइस सोतेलो नावाचा फ्रान्सिस्कन पाद्री होता, तो मूळचा सेव्हिलचाच. काम दुहेरी होतं. मेक्सिकोशी व्यापार सुरू करायचा आणि त्या बदल्यात जपानमध्ये मिशनरी पाठवा म्हणायचं.

जानेवारी १६१४ मध्ये ते मेक्सिकोच्या किनाऱ्याला लागले. बरीच मंडळी तिथेच थांबली. तिसेक जण मेक्सिको ओलांडून दुसऱ्या समुद्रावर गेले आणि ऑक्टोबर १६१४ मध्ये स्पेनला पोचले. सेव्हिल शहरात थाटात प्रवेश करण्याआधी त्यांचा मुक्काम ह्याच कोरियात पडला होता. पुढे माद्रिदला राजा तिसरा फेलिपे ह्याची भेट झाली. १६१५ मध्ये हासेकुराचा बाप्तिस्मा झाला, मग रोमला पोप पाचवे पॉल ह्यांची भेट. वाटेत फ्रान्समध्ये सां त्रोपेला त्यांनी नाक पुसून टाकलेले तलम कागद उचलायला लोक धावत, अशी तिथल्या लोकांनी लिहून ठेवलेली नोंद आहे. कागदाला नाक पुसतात हेच लोकांनी कधी पाहिलं नव्हतं!

पण हे सगळं चालू असताना मागे जपानमध्ये वारं फिरलं होतं. १६१४ मध्येच ख्रिस्ती धर्मावर बंदी आली. युरोपात ते कळल्यावर कोण व्यापार करणार? हासेकुरा रिकाम्या हाताने १६२० मध्ये घरी पोचला आणि दोन वर्षांत गेला. सोतेलोला १६२४ मध्ये जपानमध्ये जिवंत जाळलं. १६३५ मध्ये तर हुकूमच निघाला की जपानी माणसाने परदेशी जायचं नाही, आणि गेलेल्याने परत यायचं नाही. आला तर मृत्युदंड. पुढे हा सगळा प्रवास जपानने विसरून टाकला. १८७३ मध्ये एक जपानी शिष्टमंडळ युरोपात आलं, त्यांना व्हेनिसमध्ये हासेकुराचे कागद दाखवले, तेव्हा त्यांना कळलं की आपल्या आधी अडीचशे वर्षं आपलेच लोक इथे येऊन गेले होते.

तर गावात सांगतात ते असं, की त्या तिसांतले काही परत गेलेच नाहीत. नदीकाठच्या ह्या गावात राहिले, लग्नं केली, मुलं झाली. त्यांची जपानी नावं कुणाला उच्चारता येईनात. बाप्तिस्म्याच्या वेळी पाद्र्याने नाव दिलं आणि पुढे ओळख म्हणून लिहिलं, हापोन. जपानवाला.

मागे राहणं किती अवघड होतं त्याची एक हकीकत वाचली आणि रात्री झोप लागेना. त्याच मंडळींतला एक जपानी, बाप्तिस्म्यानंतरचं नाव तोमास फेलिपे, स्पेनमध्ये राहिला आणि एका मोठ्या घरी चाकरीला लागला. धन्याने त्याला गुलाम म्हणून तापल्या लोखंडाने डागलं. त्याने हार मानली नाही, दाद मागितली आणि मायदेशी जायची परवानगी मागितली. १६२०च्या दशकातली ही गोष्ट. म्हणजे परक्या मुलखात 'जपानवाला' हा शब्द काही कौतुकाचाच होता असं नाही.

आता तुम्ही विचाराल, बाई, ह्याला पुरावा काय? (माझे मोठे दीर हे वाचत असतील तर ते नक्कीच विचारतील!)

कोरियाच्या चर्चमध्ये बाप्तिस्म्याच्या वह्या आहेत. पण नेमक्या त्या दशकांतल्या नाहीत. १७व्या शतकाच्या उत्तरार्धात वह्या पुन्हा सुरू होतात, तेव्हा हापोन आडनावाची माणसं तिथे आहेत. मुलंबाळं असलेली, त्याच गावची. मधलं पान गायब. आपल्याकडे गुळाचा खडा ठेवला आणि वर मुंग्यांची रांग दिसली, पण मधला रस्ता दिसला नाही, तसं.

गावात असंही सांगतात की तिथल्या काही बाळांच्या पाठीवर जन्मतः निळसर डाग असतो, पूर्वेकडच्या बाळांना असतो तसा. पण तो तर आपल्याकडेही घरोघरी असतो! माझ्या दोन्ही मुलांना होता. त्यावरून काय ठरणार? २०१३ मध्ये, ह्या प्रवासाला ४०० वर्षं झाली तेव्हा, जपानी शास्त्रज्ञांनी हापोन मंडळींचे नमुनेही घेतले. पण निर्विवाद पुरावा काही हाती लागलेला नाही. साधं गणित करून बघा ना. चारशे वर्षांत तेरा-चौदा पिढ्या होतात. तेराव्या पिढीमागे प्रत्येकाचे आठ हजारांवर पूर्वज. त्यातला एक जपानी असला तरी रक्तात तो कितीसा उरणार? चेहरा उरणार नाही, भाषा उरणार नाही. उरला तो वहीतला एक शब्द.

आणि तो शब्द टिकला हेच मोठं नवल आहे. १८७४ मध्ये इंग्लंडात गाल्टन आणि वॉटसन ह्या दोघांनी ह्याचं गणित मांडलं होतं. आडनाव बापाकडून मुलाकडेच जात असेल, तर ज्या घरात मुलगेच झाले नाहीत तिथे ते संपतं. मोजक्याच घरांत असलेली बहुतेक आडनावं पाच-दहा पिढ्यांत अशीच विझतात, कुणाचा दोष नसताना. चार-सहा माणसांचं नाव चारशे वर्षं टिकायचं तर दर पिढीत कुणाला तरी मुलगे व्हावे लागतात, जगावे लागतात. आणि एकाच गावाभोवती ते दिसतं, म्हणजे बरेच जण गाव न सोडता तिथेच राहिले.

स्पेनची एक रीत मला फार आवडली. तिथे प्रत्येकाला दोन आडनावं. पहिलं बापाचं, दुसरं आईचं. लग्न झालं म्हणून बाई आडनाव बदलत नाही. १९९९च्या कायद्याने आईचं आधी लावायची मुभा मिळाली आणि २०१७ पासून तर बापाचंच आधी असा आपोआपचा नियमही गेला, आईबापांनी मिळून ठरवायचं. म्हणजे हापोन घरातल्या मुलीचं आडनाव निदान तिच्या मुलांपर्यंत तरी पोचतंच. माझं १९७४ मध्ये लग्न झालं तेव्हा तांदळाच्या ताटात अंगठीने नवं नाव लिहिलं. नाव गेलं आणि आडनावही. आम्ही तिघी बहिणी, भाऊ नाही. वडिलांचं आडनाव आमच्यापुरतं तिथेच थांबलं. तेव्हा काहीच वाटलं नव्हतं. असो.

आता माझी गोष्ट.

१९७८ चा जून महिना. मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका खेड्यात पहिलीच्या वर्गावर होते. कालव्याचं काम चालू होतं, दगड फोडणारी कुटुंबं पालं ठोकून राहिली होती. एक बाप मुलाला घेऊन आला. मुलाचं नाव सांगितलं, स्वतःचं सांगितलं. मी विचारलं, "आडनाव?" तो नुसता बघत राहिला. मागे रांग होती, पाऊस होता, जनरल रजिस्टरचा रकाना रिकामा ठेवून चालत नाही. मी विचारलं, "कुठून आलात?" तो म्हणाला, "विजापूर." मी लिहिलं, विजापुरे. (गावाचं आणि आडनावाचं नाव इथे बदललंय, गोष्ट खरी आहे.)

त्याचा थोरला भाऊ आधीच्या मुक्कामी दुसऱ्या शाळेत बसला होता. तिथल्या गुरुजींनी जमातीचंच नाव आडनाव म्हणून लिहिलेलं. सख्खे भाऊ, दोन आडनावं. १९८८ मध्ये पोरगा दहावी झाला, आयटीआयला राखीव जागा मिळायची होती. जातीच्या दाखल्यासाठी भावाची कागदपत्रं जोडली तर आडनाव जुळेना. तो मला शोधत दुसऱ्या गावी आला. म्हणाला, "बाई, हे नाव कुणी सांगितलं होतं?"

आणि मी म्हणाले, "तुझ्या वडिलांनी."

तोपर्यंत त्याचे वडील वारले होते. मला भीती वाटली, चौकशी होईल, नोंदीत चूक केली म्हणून मलाच विचारतील. अर्धं खरं होतं ना ते, अशी मी मनाची समजूत घातली. त्याचं ते वर्ष गेलं. तो खडीच्या क्रशरवर कामाला लागला, आयटीआय राहिलं ते राहिलंच.

२०१९ मध्ये एका लग्नात तो भेटला. पाया पडला. आता स्वतःचं वेल्डिंगचं दुकान आहे, पाटीवर विजापुरे. मला राहवलं नाही. जेवणाच्या पंगतीतून उठवून त्याला बाजूला नेलं आणि खरं काय ते सांगितलं. तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "बाई, विजापूर आमचं गाव नव्हतंच. आमची माणसं तिथं नुसती गाडीत बसली होती." आणि हसला. मला काही हसता आलं नाही. जाताना म्हणाला, "आता आम्ही अकरा जण आहोत विजापुरे. नातीचं नाव घातलंय शाळेत परवाच."

त्याने मला माफ केलं का, ते मी विचारलं नाही. त्यानेही सांगितलं नाही.

हापोन मंडळींबद्दल वाचताना मला सारखा तो पाद्री दिसत होता. समोर एक परका माणूस, भाषा येत नाही, मागे रांग. "कुठला रे तू?" त्याने काहीतरी उत्तर दिलं असेल, पाद्र्याला कळलं तेवढं पाद्र्याने लिहिलं. त्या माणसाला ते हवं होतं की नाही, कुणी विचारलं नसणार. पण आज गावात नदीकाठी हासेकुराचा पुतळा आहे, २०१३ मध्ये तेव्हाचे जपानचे युवराज नारुहितो तिथे येऊन चेरीचं झाड लावून गेले. सहा-सातशे माणसं ते नाव आपलं म्हणून लावतात, मुलांना देतात. पाद्र्याने लिहिलं असेल, पण जपलं त्यांनी.

सेवेत असलेली शिक्षक मंडळी हे वाचत असतील तर एवढंच सांगते, रकाना भरायच्या आधी पुन्हा एकदा विचारा. रांग थांबते हो, पाऊसही थांबतो.

आणि तुमच्या आडनावामागे अशी काही गोष्ट असेल तर जरूर लिहा. घरच्या मंडळींनी फोन केला तरी चालेल, पण दुपारी दोन ते चार सोडून!