उष्ट्यावर राहणारा मासा

कुणाच्या दिवाणखान्यात माशांची टाकी दिसली, तर जरा तळाशी बघा. वर लाल-सोनेरी मासे मिरवत असतात आणि खाली एखादा करडा, ठिपक्याठिपक्यांचा, मिशाळ मासा वाळू हुंगत एकटाच फिरत असतो. तो कोरिडोरस. दुकानदार हमखास सांगतात, “ताई, हा न्याच. टाकी साफ ठेवतो, वेगळं खायला घालावं लागत नाही.” आमच्या ह्यांना ते लगेच पटलं. मला मात्र ते वाक्य खटकलं. वेगळं खायला लागत नाही, असं घरात कुणाबद्दल धरून चालतात, ते आपल्याला ठाऊक आहे की!

खरं सांगू? हा मासा घाण खात नाही. विष्ठा नाही आणि काचेवरचं शेवाळही नाही. वरच्यांच्या तोंडून निसटलं तर खायचं, नाही तर उपाशी. म्हणून मी रात्री दिवा मालवला की तळाला बसणारी गोळी टाकते. मग मिशा हलवत स्वारी कशी धावते, बघत राहावं!

हा मूळचा दक्षिण अमेरिकेतला, पाराना नदीच्या खालच्या खोऱ्याकडचा. डार्विनने बीगल जहाजाच्या सफरीत गोळा केलेल्या माशांवरून जेनिन्स यांनी १८४२ साली याचं वर्णन केलं. २०२४ साली शास्त्रज्ञांनी याची प्रजाती बदलून हॉप्लिसोमा केली. दुकानात अजून माहेरचंच नाव चालतं! अंगावर खवल्यांऐवजी हाडांच्या पट्ट्यांचं चिलखत असतं. मिशा मात्र नाजूक. टोकदार खडी आणि कुजका तळ असला की त्या झिजतात. तेव्हा बारीक वाळू घाला आणि आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदला. परांचे काटे जाळीत अडकतात, म्हणून पकडायला पेला बरा.

मध्येच तो सर्रकन वर येऊन हवेचा घोट घेतो. “अगं, जीव गुदमरतोय त्याचा!” सासूबाई ओरडल्या होत्या. पण ही हवा तो आतड्यातून शोषतो. सारखाच वर येऊ लागला, तर मात्र पाणी बिघडलंय समजा.

आणि एकटा ठेवू नका हो, त्याला गोतावळा लागतो. आमच्याकडे आता सहा आहेत. “साफसफाईवाल्यांना वेगळी खानावळ!” असं हे म्हणतात खरे, पण गोळ्यांची डबी महिन्याच्या यादीत कपड्यांच्या साबणाखाली मी लिहूनच टाकते.